गंजलेल्या पद्मिनीच्या जागी दुसरी पद्मिनी : प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रत्नागिरी

पावसाळा सरल्यावर शेडमधील प्रीमियर पद्मिनीवरची ताडपत्री आज काढली. गाडी १९८४ ची, वडिलांनी नवी घेतलेली, आणि गेली चाळीस वर्षे समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर उभी आहे. चाकांना ग्रीस लावावे एवढाच आजचा बेत होता. ड्रायव्हरच्या बाजूला जॅक लावून गाडी चार बोटे उचलली, तेव्हा उघडा राहिलेला पुढचा दरवाजा काही केल्या लागेना. कुलपाची जीभ खाचेत न बसता तिच्या वरच्या कडेवर आपटत होती. जॅक उतरवला की दरवाजा लागतो आणि चढवला की पुन्हा अडतो, हे तीन वेळा करून पाहिले.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते. तळाचा पत्रा, दोन्ही बाजूंच्या दरवाजांखालून जाणारे पोकळ सिल आणि इंजिनामागची भिंत हे सगळे मिळूनच गाडीचा भार पेलतात. दरवाजाची चौकट जॅकच्या जोराने वाकत असेल, तर त्या सिलमध्ये आता लोखंड उरलेले नाही, फक्त रंग उरला आहे, असाच त्याचा अर्थ होतो. चाकांना ग्रीस लावायचे राहिले.

९ ऑक्टोबर

रबरी मॅट, त्याखालची ज्यूटची गादी आणि मागची सीट काढून बॅटरी व बोथट टोचा घेऊन दिवसभर गाडीखाली पडून होतो. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा दोन ठिकाणी टोचा न दाबताच फुटला. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे ज्या कड्यांना लटकतात, त्या कड्यांभोवतीचा पत्रा बिस्किटासारखा पापुद्रे सुटलेला आहे, आणि मला सर्वांत जास्त भीती याच जागेची वाटते, कारण तेथे पत्रा फाटला तर धावत्या गाडीचा मागचा आस जागचा सरकेल.

डाव्या सिलवरचा रंग खरवडल्यावर आधी लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवण्याच्या पुटीचा, पाऊण सेंटिमीटर जाडीचा थर निघाला, आणि त्याखाली रिव्हेट मारून बसवलेला एक चपटा पत्रा, ज्याच्या आतल्या बाजूला गोडेतेलाच्या डब्यावरची अर्धी अक्षरे अजून वाचता येत होती. हे काम २००९ मध्ये एका गॅरेजात करून घेतले होते आणि त्याचे पैसे ‘नवीन सिल’ म्हणून मोजले होते. गंज न काढता त्यावर झाकण घातले की आतला ओलावा बाहेर पडू शकत नाही आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून मात्र पंधरा वर्षे सगळे गुळगुळीत दिसत राहिले. राग त्या गॅरेजवाल्याचा जितका आला, तितकाच तेव्हा वाकून न पाहणाऱ्या स्वतःचाही आला.

१३ ऑक्टोबर

पत्रेकाम करणारे आमचे मिस्त्री येऊन गेले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, सिलवर बोटाच्या पेराने टकटक केली आणि म्हणाले, “सर, नवा पत्रा मी घालीन, पण तो जोडू कशाला? वेल्डिंग धरायला कडेला चांगलं लोखंड लागतं. इथे जाळ लावला की पुढचं वितळत जाणार.” तरीही मी आग्रह धरल्यावर त्यांनी हिशेब सांगितला: तळ, दोन्ही सिल, पाट्यांची कडी, डिकीचा तळ आणि चारही मडगार्डांच्या आतल्या बाजू २० गेजच्या पत्र्यात नव्याने करायच्या, तोवर गाडीचे अंग वाकू नये म्हणून आतून चौकट जोडून ठेवायची, चार महिने लागतील आणि रंग सोडून सव्वादोन लाख रुपये. इतके करूनही दरवाजांच्या फटी पूर्वीसारख्या जुळतील याची हमी ते देत नाहीत. खोटी हमी देणाऱ्याकडून एकदा काम करून घेतलेले असल्याने मला त्यांचे हे बोलणे पटले.

इंजिन, गिअरबॉक्स, काचा, डॅशबोर्ड आणि दरवाजांचे आतले भाग उत्तम आहेत. तेव्हा याच बनावटीची, पण निरोगी अंगाची दुसरी गाडी शोधायची आणि या गाडीचे चांगले भाग तिच्यासाठी राखून ठेवायचे, असे ठरले.

२० ऑक्टोबर

शोधाला निघण्यापूर्वी काय शोधायचे ते नीट लिहून ठेवतो, नाहीतर चकचकीत रंग पाहून मन विरघळते. पहिली गोष्ट अंग, दुसरी कागदपत्रे, आणि इंजिन शेवटी. पद्मिनीचे १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन इतके साधे आहे की तालुक्याच्या गावातला जुना मेकॅनिकही ते उघडून बसवू शकतो, आणि त्याचे सुटे भाग अजून मिळतात. पत्रा मात्र कोणत्याही दुकानातून आणून घालता येत नाही. जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत ‘इंजिन एकदम ओके’ हे वाक्य सर्वांत वर असते आणि तळाचा फोटो कधीच नसतो. म्हणून फोनवर माझा पहिला प्रश्न मॅटखालच्या फोटोचा राहील.

शोध घाटावर करायचा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारा वारा असतो. मिठामुळे पत्र्यावरच्या ओलीतून वीज सहज वाहते व गंजण्याची क्रिया वेगाने होते. शिवाय मीठ हवेतले पाणी ओढून धरत असल्याने पत्रा नीट वाळतच नाही. एकावर एक ठेवून ठिपक्यांनी जोडलेल्या दोन पत्र्यांच्या फटीत हा गंज तयार झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि पत्रे एकमेकांपासून उचकटतो. सांगली, सोलापूर, मराठवाडा या कोरड्या पट्ट्यांतली धूळ रंगाला वाईट असली तरी पत्र्याला बरी.

मुंबईतील टॅक्सींचा विचारही केला आणि सोडला. तारदेवच्या आरटीओत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि टॅक्सीला घातलेली वीस वर्षांची मर्यादा गेल्या ऑक्टोबरात संपल्याने ती काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. पण दोन पाळ्यांत धावलेल्या, डिकीत सीएनजीची टाकी वाहिलेल्या आणि तीसुद्धा समुद्रकाठच्या गाडीत माझ्याच गाडीचे दुखणे निघाले असते.

३ नोव्हेंबर

मुंबईला भाऊबीजेसाठी गेलो होतो, तेव्हा सुट्या भागांचा धंदा करणाऱ्या एका गृहस्थांशी बोलणे झाले. त्यांच्याकडे कागद नसलेले एक चांगले अंग आहे. उपाय त्यांनी चहाचा कप खाली न ठेवता सांगितला: “तुमच्या गाडीचा नंबर कापायचा, या बॉडीवर बसवायचा, ग्राइंडर फिरवून रंग मारायचा. कोण बघतंय?” मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि पत्र्यावर कोरलेला चेसिस क्रमांक एका अंगावरून दुसऱ्यावर नेणे ही तर सरळ बनावटगिरी आहे. ते अंग कोणाच्या चोरीस गेलेल्या गाडीचे असेल, तर उद्या मी कोणत्या तोंडाने उत्तर देणार? वडिलांच्या गाडीचा नोंदणी क्रमांक १९८९ पूर्वीचा, तीन अक्षरांचा आहे आणि तो जाणार याचे वाईट वाटते, पण हा मार्ग बंद.

कुर्ल्याहून ब्रेकच्या सिलिंडरांचे रबरी संच तेवढे घेतले. याच कुर्ल्यात वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता आणि माझी गाडी तेथूनच बाहेर पडली. १९६४ च्या फियाट डिलाइटपासून १९७२ च्या प्रेसिडेंटपर्यंत आणि १९७४ नंतरच्या पद्मिनीतही अंगाची मूळ ठेवण तीच राहिल्याने यांपैकी कोणतीही गाडी मला चालण्यासारखी आहे.

२४ नोव्हेंबर, पुणे

पहिली गाडी पाहिली. लाल रंग, नवी सीट कव्हरे, क्रोमचे बंपर आरशासारखे, आणि मागणी दोन लाख चाळीस हजारांची. फडक्यात गुंडाळलेले छोटे चुंबक मी खिशात ठेवले होते. छतावर ते घट्ट चिकटले, बॉनेटवर चिकटले, आणि दरवाजांच्या खालच्या एक वीतभर पट्ट्यात कोठेही न थांबता माझ्या हातात घरंगळत आले, म्हणजे तेथे रंगाखाली लोखंड नव्हते, लांबी होती. मालक म्हणाले, “अहो, शोची गाडी आहे, तुम्ही चुंबक काय लावताय?” मी त्यांचे आभार मानून निघालो. दोष त्यांचा नसावा. त्यांनीही ती रंगावरच घेतलेली दिसली.

८ डिसेंबर, कोल्हापूर

आजची गाडी मनातून जात नाही. १९८७ ची, फिकट निळी, तळ ठणठणीत, सिलच्या खालची पाणी निचरण्याची भोके उघडी आणि त्यांतून काडी आत जाते. परंतु आरसी बुक आजोबांच्या नावावर असून ते जाऊन अकरा वर्षे झाली आहेत. वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी आधी स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते, त्याशिवाय ती मला विकता येत नाही. येथे वारस चार, त्यांतले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, आणि गाडी विकायला काढणाऱ्या नातवाचे म्हणणे असे की ‘आपण स्टँपपेपरवर लिहून घेऊ’. महिनाभर थांबण्याची तयारी दाखवून परत आलो.

२२ डिसेंबर

कोल्हापूरचा निरोप आला: दोघांपैकी एका वारसाने सहीस नकार दिला. विषय संपला.

ओळखीच्या एकाने पन्नाशीच्या दशकातली ‘डुक्कर फियाट’ सुचवली. ती देखणी आहे, पण तिचे अंग माझ्या गाडीहून वेगळ्या ठेवणीचे असल्याने माझ्याकडचे पत्र्याचे भाग तिच्या कामाचे नाहीत. शिवाय पन्नास वर्षांवरील गाडी २०२१ च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंदवली, तर ती प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. मला आठवड्यातून दोनदा मंडईत जाण्यासाठी गाडी हवी आहे.

१२ जानेवारी २०२५, सांगोला तालुका

पहाटे साडेचारला निघून आंबा घाट, कोल्हापूर आणि मिरज करत सव्वादहाला पोचलो. गाडी एका डाळिंबाच्या बागेलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कडब्याच्या पेंढ्यांआड उभी होती. १९९१ ची पद्मिनी, पेट्रोल, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावरच, पांढरा रंग उन्हाने आणि धुळीने पिवळट झालेला. मालक ऐंशीच्या घरातले. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणू लागलो. त्यांनी स्वतः २०२२ पर्यंत ती चालवली, नंतर डोळ्यांनी साथ सोडली आणि मुलांना ती नको आहे.

दर्शनी अवस्था वाईट होती. चारही टायर बसलेले, वायरिंग उंदरांनी खाल्लेले, मागच्या सीटमध्ये घुशीचे घर, ब्रेकचे पेडल दगडासारखे, आणि इंजिन पुलीला पाना लावूनही फिरेना. सोबत आलेले मिस्त्री मात्र एक शब्द न बोलता अंगातला शर्ट काढून गाडीखाली गेले आणि दहा मिनिटे बाहेर आले नाहीत. मला फक्त त्यांच्या टोच्याचा आवाज ऐकू येत होता: टक, टक, टक, प्रत्येक ठिकाणी तोच कोरडा, भरीव आवाज. घरी ऑक्टोबरात ऐकलेला तो ‘भस्स’ आवाज एकदाही आला नाही. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “सर, कारखान्याचा रंग आहे खाली. वेल्डिंगचे ठिपके मोजता येतात.”

मग ड्रायव्हरच्या बाजूला जॅक लावला, गाडी चार बोटे उचलली आणि दरवाजा उघडला. आबांना वाटले मी आत बसणार आहे. मी दरवाजा नुसता सोडला, तो आपल्या वजनाने जाऊन कुलपात बसला.

गंज अजिबात नाही असे नव्हे. बॅटरीच्या तबकडीखाली ॲसिडने खाल्लेला तळहाताएवढा पत्रा आहे आणि डिकीच्या एका कोपऱ्यात फोड आलेले आहेत; दोन्ही जागा भार पेलणाऱ्या नाहीत. आरसी बुक आबांच्याच नावावर आहे, ते पहिलेच मालक आहेत, कर्जाची नोंद नाही, आणि दर पाच वर्षांनी केलेल्या नूतनीकरणामुळे नोंदणी ऑगस्ट २०२६ पर्यंत चालू आहे. बॉनेटखालच्या पत्र्यावर कोरलेल्या चेसिस क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासली आणि उमटलेला एकेक आकडा आरसीशी ताडून पाहिला. इंजिनाचा क्रमांकही जुळला.

आबांनी नव्वद हजार सांगितले. मी पंच्याहत्तर म्हणालो. ते म्हणाले, “तुम्ही भंगारात घालणार का चालवणार, ते आधी सांगा.” चालवणार म्हटल्यावर ऐंशीला सौदा झाला, आणि निघताना डाळिंबांची एक पेटी गाडीत चढली ती वेगळी.

२ फेब्रुवारी

मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ आणि ३० वर आबांच्या सह्या, ओळखपत्रांच्या प्रती आणि विक्रीची पावती घेऊन गाडी सपाट पाठीच्या ट्रकवरून आणली. भाडे सोळा हजार. घाटात दोनदा उतरून पट्टे आवळले. शेडमध्ये आता दोन पांढऱ्या पद्मिनी शेजारी शेजारी उभ्या आहेत.

१६ फेब्रुवारी

पावसाळ्याला चार महिने आहेत, म्हणून इंजिनाला हात न लावता पहिले काम पत्र्याचेच घेतले आहे. बॅटरीखालचा कुजलेला भाग चांगले लोखंड लागेपर्यंत कापून काढला, सोड्याच्या पाण्याने ॲसिड मारले आणि नवा तुकडा कडेला कड लावून जोडला. मिस्त्रींनी वेल्डिंग सलग न ओढता ठिपक्या-ठिपक्यांनी, जागा बदलत केले, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. डिकीतले फोड तारेच्या ब्रशने उघडे करून त्यांवर फॉस्फोरिक ॲसिडचे द्रावण लावले, त्याने उरलेल्या गंजाचे काळपट फॉस्फेट होते. त्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले. आमच्याकडे सर्रास लावतात तो रेड ऑक्साइड एकट्याने पुरत नाही, हे माझ्या जुन्या गाडीने पुरेसे सिद्ध केले आहे.

सिलच्या आत पातळ मेण फवारायचे होते. लांब नळीचा फवारा मिळेना, तेव्हा सायकलच्या दुकानातून आणलेली नळी बारीक छिद्रे पाडून वापरली. मेण निचरा-भोकांतून ठिबकू लागेपर्यंत फवारले, आणि नंतर प्रत्येक भोकातून तार घालून ते पुन्हा मोकळे केले. हे दुसरे काम लोक विसरतात.

९ मार्च

स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये रॉकेल आणि गिअर ऑइलचे मिश्रण पंधरा दिवस मुरवत ठेवले होते. आज पुलीच्या नटाला लांब पाना लावून पुढे-मागे अगदी थोडे हलवत गेलो, आणि तिसऱ्या तासाला इंजिन फिरले. कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, चारही सिलिंडरांत जवळजवळ सारखे आहे.

वडिलांच्या गाडीचे इंजिन या गाडीत घालावे, असे गेले तीन महिने डोक्यात होते. इंजिन बदलल्यास नवा क्रमांक आरसीवर चढवून घ्यावा लागतो. ते काम होण्यासारखे आहे, पण या गाडीचे स्वतःचे इंजिन जिवंत असताना तो खटाटोप कशासाठी, या प्रश्नाला माझ्याकडे हळवेपणाखेरीज उत्तर नव्हते. जुन्या गाडीचा कार्बोरेटर, डायनॅमो, रेडिएटर आणि संपूर्ण वायरिंग तेवढे घेतले. दोन गाड्यांत सात वर्षांचे अंतर असल्याने वायरिंगच्या तीन जोडण्यांचे रंग जुळत नाहीत. त्यांवर चिठ्ठ्या लावून ठेवल्या आहेत.

३० मार्च, पाडवा

आज गाडी सुरू करायची असे घरात सर्वांना सांगून ठेवले होते. बॉनेटवर हळदकुंकू झाले, नारळ फुटला, चावी फिरवली, आणि फ्युएल पंपाचा जुना पडदा फाटून पेट्रोल इंजिनावर गळू लागले. चावी लगेच बंद केली. सणाचे जेवण गाडीविषयी फारसे न बोलता झाले.

६ एप्रिल

पंपाचा पडदा बदलला. गाडी दुसऱ्या फेरीत सुरू झाली.

१८ मे

हस्तांतरणाची नोंद होऊन आरसी माझ्या नावावर आली. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सर्व गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बंधनकारक असल्याने तिचीही वेळ घेतली आहे. गाडीने आतापर्यंत तीनशे दहा किलोमीटर केले. तिसरा गिअर दांड्यावरून पडताना अडखळतो, त्याचे सांधे पुढच्या आठवड्यात काढायचे आहेत.

जुन्या गाडीचे काय करायचे, हे काम मी मुद्दाम लांबवत होतो. वाहन कायमचे निकामी झाल्यास कलम ५५ नुसार मालकाने चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून आरसी परत द्यायची असते, त्यामुळे नोंदणी रद्द करण्याचा अर्ज शुक्रवारी दिला आणि चेसिस क्रमांकाच्या पत्र्याला कोणी हात लावणार नाही याची काळजी घेतली आहे. काचा, चारही दरवाजे, बॉनेट आणि इंजिन तेल लावून माळ्यावर आणि शेडच्या मागच्या भिंतीशी ठेवले.

काल संध्याकाळी दोन्ही गाड्यांची दरवाजांची आणि इग्निशनची कुलपे अदलाबदल केली. वडिलांच्या किल्लीचे दात झिजून जवळजवळ सपाट झाले आहेत, त्यामुळे नव्या गाडीतही ती एका ठरावीक कोनात, किंचित वर उचलून धरली तरच फिरते. शेडची जमीन आठ इंच उचलून सिमेंट करण्याचे काम सोमवारी सुरू होईल. गवंड्याला उतार दरवाजाच्या दिशेने द्यायला सांगितले आहे.